धार फुकट, बाकी सगळं विकत

गवत कापायच्या यंत्राचं पातं घेऊन तुम्ही दुकानात जाता, धार लावायचे किती म्हणून विचारता, आणि दुकानदार आकडा सांगतो. यावर तुमच्या तोंडून एकच शब्द निघाला पाहिजे : 'एवढे?' भुवया वर, मान जरा मागे, आणि पातं छातीशी घट्ट. लगेच दुसरं वाक्य टाकायचं, 'दोन मिनिटांचं तर काम!' ते दोन मिनिटांचं काम आता आपल्या अख्ख्या रविवारावर बसणार आहे, हा विचार तेवढ्यापुरता मनात येऊ द्यायचा नाही. पातं घेऊन ताठ मानेने घरी परत या. इथून पुढे सगळी बचतच बचत आहे.

सगळ्यात स्वस्त धार म्हणजे न लावलेली. जाणकार सांगतात की साधारण २० ते २५ तास यंत्र चाललं की पात्याला धार लावावी. पण तास मोजलेत कुणी? शिवाय हिशोब करून बघा. ५३ सेंटिमीटर लांबीचं पातं मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या वेगाने फिरत असतं. एवढ्या वेगाने चपलेचा तळवा फिरवला तरी गवत पडेल. आणि पडतंच! बोथट पात्याची हीच तर गंमत आहे. ते काम सोडत नाही, फक्त कापायच्या ऐवजी फाडतं.

फाडलेलं गवत दुरून छान दिसतं. जवळ जायची हौस असेलच तर एक-दोन दिवसांनी गुडघ्यावर बसा आणि एक काडी बोटांत धरून बघा. धारदार पात्याने कापलेल्या गवताचं टोक सरळ, हिरवं असतं. तुमच्या गवताचं टोक जुन्या टूथब्रशसारखं पिंजारलेलं दिसेल, त्यातून दोन-तीन धागे लोंबत असतील, आणि वरचा भाग आधी पांढुरका, मग वाळक्या पेंढ्यासारखा झालेला असेल. अशा लाखभर काड्या मिळून हिरवळीवर जो मातकट रंग चढतो, त्याला बघून तुम्ही चटकन निदान करायचं : पाणी कमी पडतंय.

मग पाणी वाढवा. फाटलेल्या टोकातून ओल जास्त उडते, तेव्हा निदान अगदीच चुकीचं नाही. पण त्याच फाटक्या तोंडांतून बुरशीलाही आत शिरायला वाव मिळतो आणि वर तुम्ही ओलावा वाढवलेला. आता बुरशीचं औषध आणा. औषधाने रंग परत येत नाही म्हणून खत घाला. खताने गवत तरारून वाढतं, म्हणून ते जास्त वेळा कापा. इंजिन बोथट पात्याला रेटत धापा टाकतंय, तेव्हा पेट्रोलही थोडं सैल हाताने ओता. यातला एकही खर्च धारेचा नाही, हे लक्षात घ्या. पाण्याचं पाण्यात, औषधाचं औषधात, पेट्रोलचं पेट्रोलमध्ये. धारेच्या रकान्यात शून्यच.

(ताज्या कापलेल्या गवताचा तो मोहक वास? जखम झाली की गवत जी द्रव्यं हवेत सोडतं, त्यांचा तो वास. तुमच्या अंगणात तो भरपूर येईल.)

हे यंत्र मुळात आलं कुठून, तेही या निमित्ताने सांगून टाकतो. एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिराने १८३० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कापड गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरून ते गुळगुळीत करणारा पात्यांचा रूळ असायचा. तोच रूळ जमिनीवर फिरवला तर गवतही असंच सारखं होईल, हे त्याने ओळखलं. लोकर कातरण्यातून गवत कापायचं यंत्र निघालं. तुम्ही गवताची पुन्हा लोकर करून दाखवलीत. बडिंगलाही हे सुचलं नव्हतं.

आता दुसरा टप्पा, स्वावलंबनाचा. खरं म्हणजे एक बरी कानस आणि पातं पकडायला शिकंजा असला की भागतं. पण कानशीत मिरवण्यासारखं काय आहे? ग्राइंडर घ्या. ग्राइंडर आला की त्याला टेबल लागतं, डोळ्यांना चष्मा लागतो, कानांना बोळे लागतात, पात्याचा तोल बघायची छोटी शंकू-पट्टी लागते आणि बोल्ट नेमका आवळायला टॉर्कचा पाना लागतो. माझ्याकडे यातलं सगळं आहे. जागा नव्हती म्हणून गवताचं यंत्र बाहेर पावसात ठेवतो.

एक वाक्य मात्र उपरोध बाजूला ठेवून वाचा. पात्याला हात लावण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढा, विजेवरचं यंत्र असेल तर प्लग किंवा बॅटरी काढा, आणि हातात जाड मोजे घाला. बोटांना धार लावता येत नाही.

यंत्र आडवं करताना कुठलीही बाजू खाली चालेल. एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर वरच्या अंगाला ठेवायचा असतो, पण तो खाली ठेवला तर ऑइल आरामात फिल्टरमध्ये उतरतं. मग यंत्र सुरू केल्यावर जो पांढरा धूर निघतो, त्यामुळे तुम्ही धार लावलीत हे शेजाऱ्यांना आपोआप कळतं. न सांगता.

ग्राइंडरवर पातं दाबून धरा. ठिणग्या जितक्या जास्त, तितकं काम चोख वाटतं. कडेला ३० अंशांच्या आसपास उतार द्यायचा असतो आणि धार वस्तऱ्यासारखी नव्हे, लोणी लावायच्या सुरीइतकीच ठेवायची असते. फार पातळ केली तर पहिल्याच खड्याला ती दुमडते. पण आपण वस्तऱ्यापर्यंत जाऊ, उगाच अर्ध्यावर कशाला थांबायचं? मधूनमधून पातं पाण्यात बुडवायचं सांगतात, तेवढा धीर नसतो. थोड्या वेळाने कडेवर एक सुंदर निळी झाक येते. लोहार याला पाणी उतरलं म्हणेल. त्या निळ्या भागातलं पोलाद मऊ झालं, आता तिथे धार फार दिवस टिकायची नाही. म्हणजे पुन्हा घासायची संधी लवकर मिळणार.

यानंतर तोल. भिंतीत खिळा ठोका, मधल्या भोकात घालून पातं आडवं लटकवा. डावं टोक खाली गेलं? डावीकडे घासा. आता उजवं गेलं? उजवीकडे घासा. दोन मांजरांच्या भांडणात तराजू धरून बसलेल्या माकडाची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. इथे माकडही आपणच, फक्त खायला काही मिळत नाही. कंटाळलात तर तसंच बसवून टाका. तोल गेलेलं पातं मिनिटाला ३,००० फेरे घेताना दांड्यातून कोपरापर्यंत मुंग्या आणतं आणि क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पातं फिरवणाऱ्या इंजिनाच्या आसाच्या, बेअरिंगची रोज थोडी थोडी झीज करतं. बेअरिंग कधी ना कधी जाणारच होतं.

बसवताना पात्याच्या टोकाजवळचे वर वळलेले पंख यंत्राच्या पोटाकडे ठेवायचे, म्हणजे ते हवा ओढून गवत उभं करतात. उलटं बसलं तर धारेची बाजूच मागे पडते आणि यंत्र गवताला नुसतं आडवं निजवून पुढे जातं. मी एकदा अर्धं अंगण असं थोपटलं आहे. दोष गवताच्या जातीला दिला होता.

असे तीन-चार रविवार गेले की पंखांपाशी पत्रा कागदासारखा लागतो, चीर दिसायला लागते. त्या वेगाला तुकडा उडाला तर काय होईल हे बघायला थांबू नका, पातं घेऊन त्याच दुकानात जा. तो ते उजेडात धरेल, अंगठ्याने कड चाचपेल, मधल्या भोकातून आरपार बघेल आणि म्हणेल, "साहेब, याला आता धार लावता येणार नाही. नवीनच घ्यावं लागेल."

खूश व्हा. धारेचे पैसे वाचले.