मालकाचे उत्तर: ‘दुकानात एक टीव्ही दाखवला, घरी दुसराच पाठवला’

नमस्कार सर,

तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल माफी मागतो. काळा रंग राखाडी दिसतो, चेहरे पुसट दिसतात, ही तक्रार ऐकून घेणं आमचं कामच आहे. पण दुसराच टीव्ही पाठवला असं ऑनलाइन रिव्ह्यूत चारचौघांत लिहिलंत, ते फार लागलं. वडिलांच्या काळापासून या पेठेत दुकान आहे, असं कुणी कधी म्हटलेलं नाही. भिंतीवरचा पीस डिस्प्लेचा, तुम्हाला दिला तो त्याच मॉडेलचा सीलबंद. खोका तुमच्यासमोर फोडला. बिलावरचा सिरीयल नंबर टीव्हीच्या मागच्या स्टिकरशी जुळवून बघा आणि ते वाक्य तेवढं काढा.

आता फरक का दिसतो ते सांगतो. दुकानातले सगळे सेट शोरूम मोडवर असतात. ब्राइटनेस पूर्ण, रंग भडक, आणि पेन ड्राइव्हवर कंपनीचा फोर-के डेमो, पोपट आणि कापलेली फळं. त्यावर कुठलाही टीव्ही झकासच दिसतो. पारखायचा तर माणसाचा चेहरा आणि रात्रीचा सीन बघावा. मी तो लावत होतो, तुम्हीच म्हणालात, “राहू द्या, गाडी डबल पार्क आहे.”

खोक्यावर एलईडी लिहिलेलं असलं तरी पडदा एलसीडीचाच. मागे दिवे सतत चालू, काळ्या जागीही थोडा उजेड झिरपतो. ट्यूबलाइटखाली ते जाणवत नाही, खोलीत अंधार केला की जाणवतं. या पडद्याचे, म्हणजे पॅनेलचे, आयपीएस आणि व्हीए असे दोन प्रकार. तुमचा आयपीएस, त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्याच्या उजेडातला फरक, साधारण १००० : १. व्हीए पॅनेलचा ३००० : १ किंवा त्याहून जास्त, काळा रंग गडद, पण बाजूने बघितलं की चित्र फिकं पडतं. दोन्ही शेजारी लावून दाखवले होते. तुमचा सोफा एल आकाराचा, आई कोपऱ्यात बसतात, म्हणून आयपीएस सुचवला. व्हीए माझ्याकडे पडून होता, खपवायचाच असता तर तोच दिला असता.

आणि चेहरे पुसट का, ते तुम्हीच टाकलेल्या फोटोत दिसतंय. सेटटॉप बॉक्सला पिवळी-लाल-पांढरी वायर आहे. बॉक्स एचडी असला तरी त्या वायरीतून एचडी येत नाही. चित्र ५७६ ओळींचं, पडदा २१६० ओळींचा, ताणल्यावर दुसरं काय होणार? आमचा मुलगा एचडी चित्र नेणारी एचडीएमआय वायर लावत होता, त्याला “आधी मॅच संपू दे” म्हणून परत पाठवलंत.

ऑनलाइनचा भाव मोबाइलवर दाखवलात, तोच लावला. वर भिंतीचा ब्रॅकेट फुकट. दिवाळी तोंडावर आहे सर, एक स्टार बघून गिऱ्हाईक पायरीसुद्धा चढत नाही.

डेमोच्या पद्धतीतही सुधारणा करतो आहोत, एखादा सेट घरच्या मोडवर ठेवायचा विचार आहे. तोवर पिक्चर मोड ‘मूव्ही’ करा, शार्पनेस खाली आणा, रात्री बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, कमी करा आणि टीव्हीच्या मागे छोटा दिवा लावा.

मुलगा रविवारी सकाळी येईल, एचडीएमआय वायर आमच्याकडची. रिमोटमध्ये तेवढे सेल घालून ठेवा, मागच्या वेळी ते शोधण्यातच अर्धा तास गेला.