शिफ्ट-डिलीट मारलं की फाइल जाते कुठे?

जुना लॅपटॉप विकण्याआधी काय करावं, याचा एक सल्ला व्हॉट्सॲपवर सर्रास फिरतो. थोडक्यात असा: सगळं सिलेक्ट करून शिफ्ट-डिलीट मारा, फाइल कायमची जाते. खात्रीसाठी वर एक फॉरमॅट मारा. एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर तेवढंही नको. आणि तसंही, तुमच्या फाइलींत कुणाला रस आहे?

पहिलं विधानच चूक. शिफ्ट दाबल्याने फक्त रिसायकल बिन टळतो. एनटीएफएस ही विंडोजची फाइली मांडायची पद्धत. तशा डिस्कवर प्रत्येक फाइलची नोंद एका मोठ्या तक्त्यात असते. डिलीट केलं की त्या नोंदीवर ‘वापरात नाही’ अशी खूण होते आणि फाइलने अडवलेली जागा मोकळी धरली जाते. आतला मजकूर जिथल्या तिथे. सातबाऱ्यावरचं नाव कमी केलं म्हणून शेत हलत नाही, तसंच हे. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत रेकुवासारखं फुकटचं सॉफ्टवेअर ती फाइल परत काढू शकतं. फोटोरेक हे असंच दुसरं सॉफ्टवेअर तर तक्त्याच्या वाटेलाही जात नाही. पीडीएफच्या अगदी सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि ‘पीडीएफ’ ही अक्षरं असतात. फोटोरेक डिस्क वाचत सुटतं आणि अशी सुरुवात दिसली की तिथून फाइल उचलतं. त्यामुळे आधी नाव बदलून मग डिलीट करण्याची हुशारीही फुकट.

फॉरमॅटचं काय? क्विक फॉरमॅट नुसता नवा तक्ता मांडतो. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट मात्र सगळीकडे शून्यं लिहितो, आणि साध्या हार्ड डिस्कला तो पुरतो. पण ‘क्विक’वर टिक आधीपासूनच असते. ती काढायची आणि तासन् तास थांबायचं, एवढा धीर कुणाला?

हे कागदावरचं नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलट यांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. चालू स्थितीत होत्या १२९; नीट पुसलेल्या फक्त १२. बाकीच्यांतून ५,००० हून जास्त क्रेडिट कार्ड क्रमांक निघाले. एक डिस्क तर चक्क एटीएममधली होती.

एसएसडीच्या मुद्द्यात तथ्य आहे, अर्धं. विंडोज ७ पासून फाइल डिलीट झाली की ‘ट्रिम’ नावाची सूचना एसएसडीला जाते आणि ती जागा आतल्या आत साफ होते. पण पेन ड्राइव्ह आणि यूएसबीने जोडलेल्या बऱ्याच डिस्कपर्यंत ही सूचना पोचतच नाही. शिवाय एसएसडी नवा मजकूर जुन्याच जागी लिहीत नाही. म्हणून एकेक फाइल तिच्यावर दुसरं काही लिहून ‘पुसून’ देणाऱ्या सॉफ्टवेअरवर तिथे विसंबता येत नाही; सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे दाखवून दिलं.

राहिला रस कुणाला असेल हा प्रश्न. मॉर्गन स्टॅनली या अमेरिकेतल्या बड्या बँकेने जुनी यंत्रं मोडीत काढायचं काम त्यातला अनुभव नसलेल्या एका सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं. काही यंत्रं ग्राहकांच्या माहितीसकट ऑनलाइन लिलावात पोचली. सुमारे १.५ कोटी ग्राहकांची माहिती जपण्यात कसूर केल्याबद्दल २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने ३.५ कोटी डॉलर दंड लावला. आपण बँक नाही, खरं. पण डाउनलोड्समध्ये पॅनची स्कॅन, बँकेचं स्टेटमेंट, मुलाची मार्कशीट आणि आधारची पीडीएफ असतेच. त्या ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. नाव आणि जन्मतारीख असलेली पॅनची स्कॅन हाती असली की तोही सुटला.

मग करायचं काय? आधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा मजकूर किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करणारी विंडोजची सोय) चालू करून ते पूर्ण होऊ द्या. मग सेटिंग्जमधून रीसेट, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’, आणि पुढे ‘क्लीन डेटा’ हा पर्याय आठवणीने चालू करा. तो आपोआप निवडलेला नसतो. लॅपटॉप सुरूच होत नसेल तर दुकानदाराकडून डिस्क काढून घरी ठेवा.