‘क्लिपवरची टाइल पडणारच’ : एका फिरत्या मेसेजला उत्तर

रिडेव्हलपमेंटची बोलणी सुरू असलेल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सध्या जोरात फिरतो आहे. आशय थोडक्यात असा : बिल्डर दर्शनी भिंतींना ‘व्हेंटिलेटेड फसाड’ किंवा ‘ड्राय क्लॅडिंग’ देतो म्हणाला तर सरळ नकार द्या. चिकटवलेली टाइल भिंतीशी एकजीव होते, क्लिपवर टांगलेली आज ना उद्या खाली येते. मागच्या पोकळीत पाणी साचतं, कबुतरं घर करतात आणि आग लागली की तीच पोकळी चिमणी होते. लंडन आणि शिकागोत काय झालं ते बघा. फ्रेमचा खर्च म्हणजे लूट, लोखंडी अँगल मारून तेच काम निम्म्यात होतं. शिवाय एक टाइल फुटली तर अख्खी भिंत उतरवावी लागते. शेवटी, ‘जिवाचा प्रश्न आहे, पुढे पाठवा.’

जिवाचा प्रश्न आहे, हे शंभर टक्के खरं. सतरा किलोची टाइल दहाव्या मजल्यावरून सुटली तर खाली कोण उभं आहे हे ती बघत नाही. म्हणूनच या मेसेजला उत्तर देणं भाग आहे, कारण तो लोकांना नेमक्या उलट्या दिशेने पाठवतो. इमारतींच्या बाहेरच्या भिंती तपासणं हे माझं काम आहे. टाइल कशामुळे सुटते हे त्या कामात जवळून बघायला मिळतं.

आधी या ड्राय क्लॅडिंगची रचना समजून घेऊ. मूळ भिंतीवर ॲल्युमिनियमचे एल आकाराचे ब्रॅकेट अँकरने, म्हणजे भिंतीतल्या भोकात पकड घेणाऱ्या बोल्टने, बसवतात. ब्रॅकेटवर उभ्या पट्ट्या येतात, त्यांना रेल म्हणतात. रेलवर क्लिप, क्लिपवर टाइल. टाइलची पाठ आणि भिंत (किंवा भिंतीवरचं रॉकवूल, म्हणजे उष्णता अडवणारी दगडी धाग्यांची गादी) यांच्यात मोकळी जागा राहते. जर्मन मानकाप्रमाणे ती किमान २० मिलिमीटर हवी, प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी जास्त ठेवतात. ही जागा खाली आणि वर उघडी असते, त्यामुळे ऊन तापलं की आतली हवा वर चढते आणि खालून नवी हवा आत येते.

‘चिकटवलेली टाइल एकजीव होते’

एकजीव होते, आणि उंच इमारतीत तोच घोटाळा आहे.

सिमेंट काँक्रीट सुकताना आकसतं. आपल्या आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकात या आकसण्यासाठी ०.०००३ हा आकडा धरायला सांगितला आहे. म्हणजे तीन मीटर उंचीचा मजला साधारण ०.९ मिलिमीटर आखूड होतो, वीस मजल्यांचे मिळून १८ मिलिमीटर. वजनाखाली कॉलम हळूहळू दबतात ते वेगळंच. यातला काही भाग टाइल लागण्याआधी होऊन जातो, पण सगळा नाही. भट्टीत भाजलेली टाइल मात्र आकसत नाही. भिंत आखूड होतेय, टाइल तेवढीच आहे, आणि दोघींना सिमेंटने जखडलेलं आहे. सांधे गच्च भरले असतील तर टाइलांची रांग एकमेकींवर रेटली जाते आणि मधली एखादी बाहेर फुगते. त्यात पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचं ऊन आणि त्यावर पडणारी पावसाची सर. वर्षानुवर्षं हा खेळ चालला की पकड सुटते. अशा भिंतीवर लाकडी मुठीने ठोकत गेलं की एका टाइलचा आवाज टणक येतो आणि शेजारचीचा बद्द. ती बद्द वाजणारी टाइल खालून बघणाऱ्याला अगदी जागेवर दिसते. सोसायटीला तिचा पत्ता लागतो तो ती पार्किंगमध्ये पडल्यावर.

दुसरी गोष्ट व्हिट्रिफाइड टाइलची. ती ०.५ टक्क्यांहूनही कमी पाणी पिते. सिमेंटचा माल जुन्या पद्धतीच्या टाइलच्या किंवा विटेच्या छिद्रांत शिरून पकड घेतो. या टाइलला ती छिद्रंच नाहीत. तिला पॉलिमर मिसळलेलं ॲडहेसिव्ह लागतं, ते पूर्ण पाठीवर पसरावं लागतं, आणि ठरावीक अंतरावर लवचिक सांधे सोडावे लागतात. परांचीवर उभा असलेला कारागीर पाठीवर पाच ठिपके मारून टाइल दाबून मोकळा होतो, हे ज्याने काम पाहिलं आहे त्याला सांगायला नको. दोन-तीन मजल्यांपर्यंत, चांगल्या देखरेखीखाली चिकटवलेल्या टाइलला माझी हरकत नाही. वीस मजल्यांना आहे.

‘लटकणारी टाइल पडते’

टाइल वजनाने पडेल अशी भीती सगळ्यांना असते. खरा भार वेगळाच असतो. ६०० बाय १२०० मिलिमीटरची, १० मिलिमीटर जाडीची टाइल सुमारे १७ किलोची. आता वारा बघा. आयएस ८७५ या इमारतीवरच्या भारांच्या मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, पुण्यासाठी ३९. मुंबईच्या वेगातून चौरस मीटरला साधारण ११८ किलोंचा दाब निघतो. त्या एका टाइलवर ८५ किलो, म्हणजे तिच्या वजनाच्या पाचपट. इमारतीच्या कोपऱ्यांवर वारा वळताना हाच जोर टाइलला बाहेर ओढतो, आणि उंचीबरोबर तो वाढत जातो. क्लिप, रेल, ब्रॅकेट आणि अँकर यांचा हिशेब या ओढीसाठी करावा लागतो. चिकटवलेल्या टाइलवरही वारा असतोच, फक्त तिथे हिशेब कुणी मागत नाही.

या साखळीत सगळ्यात कच्ची कडी कुठली? माझ्या मते अँकर, आणि तोही ब्लॉकच्या भिंतीतला. आपल्याकडच्या बहुतेक टॉवरमध्ये कॉलम आणि बीमच्या मधली भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ब्लॉकची, असते. हा ब्लॉक हलका आणि ठिसूळ, त्याची ताकद काँक्रीटच्या पासंगालाही पुरत नाही. त्यात फुगून पकड घेणारा बोल्ट आवळला की तो आजूबाजूचा ब्लॉक चुरून टाकतो. पाना फिरवणाऱ्याला वाटतं घट्ट बसला, आणि आत नुसती भुकटी असते. म्हणून टाइलचं वजन घेणारे मुख्य ब्रॅकेट स्लॅबच्या किंवा बीमच्या काँक्रीटमध्येच हवेत, आणि मधल्या भिंतीत फक्त वारा झेलणारे, तेही ब्लॉकसाठीच बनवलेल्या अँकरचे.

काँक्रीटमध्ये केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला) वापरला तरी भोक साफ करण्यावर सगळं अवलंबून असतं. ड्रिल झाल्यावर हातपंपाने फुंकर, मग तारेचा ब्रश, मग पुन्हा फुंकर, आणि हे नुसतं एकदा करून भागत नाही. भोकात पीठ राहिलं तर रसायन त्या पिठाला चिकटतं, काँक्रीटला नाही. झुल्यावर, उन्हात, दिवसाला शंभर भोकं पाडायची असताना हा ब्रश सगळ्यात आधी गायब होतो. यावर उपाय एकच : साइटवर पुल-आउट टेस्ट. हायड्रॉलिक जॅकने अँकर ओढून बघायचा आणि आकडा लिहून ठेवायचा. ज्या सोसायटीने या टेस्टचा रिपोर्ट मागितला, तिच्या भिंतीबद्दल मला निम्मी काळजी कमी वाटते.

‘लोखंडी अँगल मारून तेच होतं’

अख्ख्या मेसेजमधली ही सगळ्यात घातक ओळ आहे. ड्राय क्लॅडिंगचं नाव आपल्याकडे खराब झालं ते याच जुगाडाने.

पद्धत अशी असते : एमएसचा (साध्या लोखंडाचा) अँगल जागेवर वेल्डिंग करायचा, वर रेड ऑक्साइडचा हात मारायचा. वेल्डिंगच्या जागी गंजरोधक थर आधीच जळलेला असतो. पोकळीत हवा खेळते, पावसाळ्यात दमट हवा, कोकणात आणि मुंबईत खारी हवा. शिवाय ही फ्रेम टाइलमागे झाकलेली, म्हणजे दर चार वर्षांनी रंग मारायला कुणी जाऊ शकत नाही. गंजलेलं लोखंड फुगतं आणि टाइलच्या कडेवरच जोर देतं.

दुसरा जुगाड टाइलच्या कडेचा. क्लिप लपवायची म्हणून परांचीवर बसून हातातल्या ग्राइंडरने टाइलच्या जाडीत खाच पाडतात. दहा मिलिमीटरच्या कडेत मधोमध खाच पडली तर दोन्ही बाजूंना जेमतेम चार-चार मिलिमीटर उरतात. हात जरा हलला की एका बाजूला तीन. ग्राइंडरच्या हादऱ्याने तिथे डोळ्याला न दिसणारे तडे जातात आणि पुढे वाऱ्याची ओढ बरोबर त्याच ओठावर येते. लपलेली जोडणी हवी असेल तर खाच कारखान्यात मशीनवर पाडलेली हवी, किंवा टाइलच्या पाठीत अंडरकट भोक हवं : हिऱ्याच्या बिटने, पाण्याखाली, आरपार न जाता, तळाशी रुंद होत जाणारं. त्यात बसणारा अँकर आतल्या रुंदीत पसरून अडकतो. हे जमत नसेल तर सरळ दिसणारी स्टेनलेस स्टीलची क्लिप घ्या. चार कोपऱ्यांवर चार बारीक ओठ दिसतात, टाइलच्या रंगात रंगवून मिळतात आणि खालून दुर्बिणीने तपासता येतात. मला विचाराल तर उंच इमारतीला हीच जोडणी सगळ्यात प्रामाणिक.

ॲल्युमिनियमची फ्रेम असली म्हणजे झालं, असंही नाही. ॲल्युमिनियम उन्हाने चांगलंच वाढतं. तीस अंशांचा फरक पडला तर तीन मीटरची रेल दोन मिलिमीटरने लांब होते. म्हणून प्रत्येक रेल एकाच ठिकाणी पक्की आवळायची आणि बाकीच्या ब्रॅकेटवर लांबट भोकात सरकती ठेवायची, दोन रेलच्या टोकांमध्ये फट सोडायची, आणि एकाखाली एक आलेल्या दोन रेलच्या फटीवर एकच टाइल अर्धी-अर्धी टेकू द्यायची नाही. सगळे स्क्रू गोल भोकात गच्च पिळलेले दिसले तर समजा, बसवणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नाही. ब्रॅकेट आणि भिंत यांच्यात पॅडही हवा, कारण ओल्या सिमेंटचा अल्कली ॲल्युमिनियम खातो. समुद्राजवळ स्क्रू आणि क्लिप ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसच्या घ्या. ३०४ ला खाऱ्या हवेत डाग पडतात. साधा लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियमला लावला तर गंज एकालाच नाही, दोघांनाही छळतो.

यात पैसे जातात. फ्रेमचा खर्च मोठा आहे, हे मेसेजचं म्हणणं खरं आहे. त्याला लूट म्हणणं खरं नाही. परवडत नसेल तर भिंतीला चांगला गिलावा आणि रंग द्या. स्वस्तातली फ्रेम मात्र नको.

‘पोकळीत पाणी जातं’

जातं. जाणार हे धरूनच ती ठेवलेली असते. १९६३ साली कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या एका टिपणात हे नीट मांडलं गेलं : भिंतीत पाणी शिरायला पाणी, फट आणि पाण्याला आत ढकलणारा जोर, हे तिन्ही लागतात. फटी कायमच्या बुजवणं कुणालाच जमत नाही, तेव्हा जोर काढून घ्या. पोकळीतली हवा बाहेरच्या हवेशी जोडलेली असली की आतबाहेरच्या दाबात फारसा फरक राहत नाही. जे थोडं पाणी सांध्यातून येतं ते टाइलच्या पाठीवरून खाली उतरतं, उरलेली ओल हवा घेऊन जाते. कोकणातलं कौलारू छप्पर कुठल्याही सीलंटशिवाय धो धो पाऊस काढतं ते याच न्यायाने, एकावर एक टेकलेल्या आणि मागे हवा असलेल्या कौलांवर.

अट अशी की मूळ भिंतीचा गिलावा आणि वॉटरप्रूफिंग आधी पूर्ण झालेलं हवं, आणि खिडकीच्या वर पाणी बाहेर काढणारी पत्र्याची पट्टी हवी. ‘टाइल येणारच आहे, गिलावा कशाला’ असं म्हणणारा कॉन्ट्रॅक्टर भेटला तर तिथेच थांबवा. कबुतरांचं म्हणाल तर सांधे आठेक मिलिमीटरचे असतात आणि पोकळीच्या खालच्या-वरच्या तोंडाला भोकांची ॲल्युमिनियम पट्टी येते. कबुतर सोडा, उंदीरही जात नाही.

‘लंडन बघा, शिकागो बघा’

बघूच. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसं गेली. तिथे बाहेरून टाइल नव्हती. दोन ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये पॉलिथिलीन भरलेले पॅनल होते आणि मागे जळणारं फोम इन्सुलेशन. आग वर चढली ती मुख्यतः त्या पॉलिथिलीनच्या जोरावर. टाइल आणि रॉकवूल जळत नाहीत. तरीही या मुद्द्यात खरेपणाचा अंश आहे आणि तो मी झटकणार नाही : पोकळी ज्वाळेला वर ओढते, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांच्या आसपास वितळतं. म्हणून प्रत्येक मजल्याला आणि खिडक्यांभोवती फायर बॅरियर हवाच. एरवी हवा जाऊ देणारा आणि उष्णता लागताच फुगून पोकळी बंद करणारा असा तो मिळतो. कोटेशनमध्ये ही ओळ नसेल तर सही करू नका.

शिकागोची गोष्ट तर मेसेजच्या विरोधातच जाते. तिथल्या ८३ मजली स्टँडर्ड ऑइल इमारतीला, म्हणजे आजच्या एऑन सेंटरला, सुमारे ४३ हजार कॅरारा संगमरवरी फरशा लावल्या होत्या. तापण्या-थंडावण्याच्या चक्रांनी पातळ संगमरवर वाकला आणि कमकुवत झाला. १९९० ते १९९२ या काळात सगळा उतरवून त्या जागी ग्रॅनाइट लावला, खर्च सुमारे ८ कोटी डॉलर. फसला तो दगड. नवा ग्रॅनाइट बसवतानाही कुणी तो सिमेंटने चिकटवला नाही, तोही यांत्रिक जोडणीवरच टांगला.

‘एक फुटली तर सगळी भिंत उतरवा’

हे जोडणीच्या प्रकारावर ठरतं. दिसणाऱ्या क्लिपमध्ये मधली एक टाइल काढता येते. पाठीत अंडरकट अँकर असलेली टाइल रेलवर हुकाने अडकवलेली असते, वर उचलायला फट ठेवली असेल तर तीही निघते. खालून वर रांगा अडकवत नेलेल्या खाचेच्या पद्धतीत मात्र मधली काढणं खरोखरच अवघड. म्हणजे हा प्रश्न काम सुरू होण्याआधी विचारायचा आहे, आणि नमुन्याच्या भिंतीवर समोर एक टाइल काढून परत बसवून दाखवायला सांगायचं आहे. ताबा घेताना त्याच बॅचच्या जास्तीच्या टाइल्स आणि ब्रॅकेट-रेलचे नकाशे सोसायटीने लेखी मागून घ्यावेत. पुढे तीच शेड बाजारात मिळत नाही, आणि झुल्यावर चढलेल्या माणसाला कुठला स्क्रू आधी सोडायचा हे त्या नकाशातूनच कळतं.