पंचवीस हजारांत दोन लाखांचा माल? आधी लॉट उघडून दाखवा

परत आलेल्या मालाच्या लॉटचा, म्हणजे घाऊक विकल्या जाणाऱ्या गठ्ठ्याचा, तो व्हिडिओ एव्हाना तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. ऑनलाइन कंपन्यांकडे ग्राहकांनी परत केलेली पार्सलं ‘न उघडता’ विकली जातात, २५ हजारांत दोन लाखांचा माल मिळतो, बिल नको, जीएसटी नको, नशीब असेल तर आयफोनही निघतो. माझ्या मावसभावाने तो पाठवून खाली लिहिलं, ‘दादा, पैसे तयार आहेत, तू फक्त हो म्हण.’ मी नाही म्हणतोय. का ते इथेच लिहितो, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगत बसायला नको.

व्हिडिओतलं उंच गोदाम आणि लाकडी पॅलेटांच्या थप्प्या अमेरिकेतल्या आहेत. तिथे हा धंदा खरंच मोठा आहे. २०२४ मध्ये तिथे ८९० अब्ज डॉलरचा माल परत येईल, असा नॅशनल रिटेल फेडरेशन या तिथल्या किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनेचा अंदाज होता. पण तिथे बी-स्टॉकसारख्या, परत आलेला माल विकणाऱ्या ऑनलाइन लिलावात उतरायचं तर पुनर्विक्रीचं सरकारी प्रमाणपत्र दाखवावं लागतं. म्हणजे ‘कागद लागत नाही’ हे वाक्य ज्या दृश्यावर चिकटवलंय, तिथेच कागद लागतो!

आता ‘न उघडता’. परत आलेली वस्तू धड असेल तर ती पुन्हा विक्रीला जाते, दुरुस्त होणारी रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त केलेली, म्हणून जाते. उरलेलं लॉटमध्ये येतं, आणि तो लॉटही मधले व्यापारी चाळून घेतात. हातात आयफोन आलेला माणूस तो परत खोक्यात ठेवून, चिकटपट्टी लावून तुम्हाला विकेल?

दोन लाखांचा आकडा एमआरपीचा. २,९९९ छापलेले इअरफोन नवेकोरे चारशेला मिळतात, मग वापरून परत आलेले कोण कितीला घेणार? त्यातून बंद पडलेले नग, मालवाहतूक आणि जागेचं भाडं वजा करा.

खरा राग मला ‘बिल नको’ याचा आहे. लॉटमध्ये मोबाइल असले आणि त्यातला एखादा चोरीचा निघाला, तर पोलीस पहिला प्रश्न विचारतील की हा आणला कुठून. तेव्हा व्हिडिओ दाखवणार का? चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसा संशय यायला पुरेसं कारण असूनही माल घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाजारभावाच्या दहाव्या हिश्शाला, बिलाशिवाय मिळणारा फोन हे संशयाला पुरेसं कारण नाही, असं वकिलाला पटवून बघा. तपासणं अवघड नाही. फोनवर *#०६# दाबलं की आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, दिसतो. इंग्रजीत KYM लिहून, जागा सोडून पुढे तो पंधरा आकडी क्रमांक टाकायचा आणि १४४२२ वर एसएमएस करायचा. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं आलं, तर तो फोन घ्यायचा नाही. दूरसंचार विभागाची ही सोय फुकट आहे, आणि व्हिडिओवाल्याने तिचा उल्लेखही केलेला नाही.

जीएसटीबद्दल अर्धं खरं आहे, कबूल. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सहसा लागत नाही. पण इंदूरच्या गिऱ्हाइकाला एक खोका विकला, की राज्याबाहेरची विक्री झाली आणि नोंदणी आली. नोंदणी झाल्यावर जुन्या मालावर फक्त नफ्याच्या रकमेवर कर भरायची सवलत आहे, जीएसटीचा नियम ३२(५). खरेदीवरच्या कराची वजावट मात्र घेतलेली नसावी. आणि नफा किती हे दाखवायला खरेदीचं काय लागतं? बिल!

व्हिडिओतल्या ‘२,९९९ भरून बुकिंग करा’ या ओळीवर शब्द खर्च करत नाही. आधी बुकिंग, मग गाडीभाडं, मग ‘टॅक्स’, आणि मग फोन बंद. कुणी भरून बसलं असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा.

या धंद्यात पैसे मिळवणारे आहेत, हेही मान्य. कपडे आणि स्टीलची भांडी यांत दोष डोळ्यांना दिसतो, म्हणून नेहमीचा व्यापारी हात लावून भाव पाडतो. मावसभावाला कपड्यांचा लॉट बघायचा असेल तर मी सोबत येतो. मोबाइलचाच हवा असेल तर विकणाऱ्याकडे आधी आयएमईआयची यादी माग. देतो का बघू.