शंभर रुपये कुणावर लावायचे?

परवा रात्री शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये आमचं चांगलंच वाजलं. बाहेर बर्फ, आत हीटर, तीन घडीच्या खुर्च्या आणि बायकोनं डब्यात भरून दिलेला पातळ पोह्यांचा चिवडा. विषय एकच: अमेरिकेतल्या आमच्या आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल टीमनं आक्रमणासाठी पोरं कुठली आणि कशी आणायची. शेजारी निवृत्त शाळामास्तर आहेत, सत्तरी ओलांडलेले. हेडन फ्राय कोच होते तेव्हापासून किनिक स्टेडियमची पायरी चढतायत. माझा मुलगा अकरावीत, म्हणजे त्याला सगळंच कळतं. आणि मध्ये मी, कोल्हापूर सोडून सीडर रॅपिड्सला येऊन अकरा वर्षं झालेला माणूस.

मुलानं डाव मांडला. म्हणाला, "बाबा, समजा शंभर रुपये आहेत. कुणाला किती देणार?" त्यानं स्वतः क्वार्टरबॅकला पन्नास दिले, रिसीव्हरना तीस, आणि उरलेल्या विसात बाकीचे सगळे कोंबले. मास्तरांनी साठ लाइनला दिले, वीस टाइट एंडना, दहा पळणाऱ्याला. क्वार्टरबॅकला दहा, तेही तोंड वाकडं करून.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा आपला फुटबॉल नव्हे. आपला म्हणजे शाहू स्टेडियमवरचा, पाटाकडील विरुद्ध दिलबहार असेल तर अख्खी पेठ दुकानं बंद करून गॅलरीत बसते तो. इथला चेंडू लांबुळका, डोक्यावर हेल्मेट. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, रिसीव्हर पळत जाऊन झेलतो, पळणारा चेंडू काखेत मारून घुसतो, आणि समोरच्यांनी क्वार्टरबॅकला जमीनदोस्त करू नये म्हणून पाच धिप्पाड गडी आडवे उभे राहतात, ती लाइन. टाइट एंड म्हणजे अर्धा लाइनमन, अर्धा रिसीव्हर. ओढ्याला पूल कमी पडला तर फळी म्हणून आडवा टाकता येईल आणि वेळ पडली तर त्यावरून पळताही येईल असा माणूस.

तर आयोवाचं दुखणं काय ते सांगतो. ३ सप्टेंबर २०२२, साउथ डकोटा स्टेटविरुद्ध मॅच, मी किनिकमध्ये होतो. आयोवा ७-३ जिंकली. सात म्हणजे एक टचडाउन (चेंडू समोरच्याच्या गोलपट्टीत नेला की सहा) आणि वरचा एक असं कुणालाही वाटेल. नाही हो. एक फील्ड गोल, म्हणजे चेंडू खांबांमधून लाथाडला, त्याचे तीन. आणि दोन सेफ्टी, म्हणजे समोरच्याला त्याच्याच गोलपट्टीत दोनदा पाडलं, त्याचे दोन दोन. आक्रमणानं एकही टचडाउन न करता मॅच खिशात. त्या दिवशी आमच्या पंटरनं (आक्रमण अडलं की चेंडू लांब लाथाडून समोरच्याला देतो तो) चेंडूला लाथ घालून जेवढं अंतर मिळवलं, तेवढं अख्ख्या आक्रमणानं मिळून काढलं नाही. माझ्या पुढच्या रांगेतली एक आजी पंटला उभं राहून टाळ्या वाजवत होती आणि आक्रमण मैदानात आलं की खाली बसून मक्याच्या लाह्या खात होती. मला वाटलं, हिला खेळ माझ्यापेक्षा जास्त कळतो.

पुढच्या वर्षी तर कमालच. आक्रमणाचा कोच ब्रायन फेरेन्ट्झ, म्हणजे मुख्य कोच कर्क फेरेन्ट्झ यांचा मुलगा. (साखर कारखान्याच्या चेअरमननं पोराला व्हाइस चेअरमन केलं की गावात काय बोलतात, तेच इथं चाललं होतं, फक्त इंग्रजीतून.) २०२३ साठी त्याचा पगार कापून ८,५०,००० डॉलर केला आणि करारात अट घातली: सरासरी मॅचला २५ गुण आणि किमान ७ विजय, नाहीतर घरी. विजय १० आले. सरासरी गुण आले १५.४. यार्डांच्या हिशेबात टीम वरच्या गटात देशात शेवटची. हंगाम संपायच्या आत, ऑक्टोबरच्या शेवटी, जाहीर झालं की हंगामानंतर ब्रायन राहणार नाही. बिग टेन, म्हणजे आयोवा ज्या लीगमध्ये खेळते ती, तिच्या फायनलला मिशिगननं २६-० धुतलं आणि सिट्रस बोल या हंगामाअखेरच्या मॅचला टेनेसीनं ३५-०. शेवटच्या दोन मॅच, एकूण गुण शून्य.

यावर सगळ्यांचं एकच म्हणणं: चांगली पोरं आणत नाहीत. पैसे सोडा, स्टार रिसीव्हर आणा. माझा मुलगाही तेच म्हणतो.

इथंच माझं नि त्याचं बिनसतं. रिसीव्हर चार्ली जोन्स आठवा. २०२१ मध्ये आयोवात होता, वर्षभरात २१ झेल. तोच पोरगा पर्ड्यू विद्यापीठाला गेला आणि २०२२ मध्ये एका हंगामात ११० झेल, १,३६१ यार्ड. हात तेच, पाय तेच. फेकणारा बदलला आणि फेकायची इच्छा असलेला कोच मिळाला. म्हणजे माल आपल्या कोठारात होता, चूल पेटत नव्हती. आता मला सांगा, सतरा वर्षांचा एखादा चपळ पोरगा, ज्याला वीस ठिकाणांहून बोलावणं आहे, तो हे आकडे बघत नसेल? त्याच्या मामालाही पाठ असतील. तुम्ही कितीही पैसे पुढं ठेवा, जिथं चेंडू हवेत जात नाही तिथं झेलणारा येत नाही. आणि आलाच तर जास्त भाव लावूनच येणार, त्रास भत्ता धरून.

मग मास्तर बरोबर का? बऱ्याच अंशी. आयोवाची लाइन ही खरी जुनी पेढी आहे, आणि ती बहुतेक घरच्याच मालावर चालते. ट्रिस्टन वर्फ्स माउंट व्हर्ननचा, टायलर लिंडरबॉम सोलनचा. दोन्ही गावं आमच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासाच्या आत. वर्फ्स २०२० च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक टीम कॉलेजची पोरं क्रमानं उचलतात तो) तेरावा गेला, लिंडरबॉम २०२२ मध्ये पंचविसावा. लिंडरबॉम आला तेव्हा बचावातला खेळाडू होता, इथं त्याला सेंटर, म्हणजे लाइनच्या मधला गडी केलं. आणि दोघंही शाळेत कुस्ती खेळायचे. लिंडरबॉमनं वर्फ्सला हरवलंही होतं. हे कळलं तेव्हा माझ्यातला कोल्हापूरकर जागा झाला, खरं सांगतो.

माझा मुलगा शाळेत कुस्ती करतो, हलक्या वजनात. मागच्या हिवाळ्यात एका छोट्या गावच्या शाळेत स्पर्धा होती. शेवटच्या गटात एक पोरगा आला, वजन सव्वाशे किलोच्या पुढं, गाल सफरचंदासारखे. सगळे त्याचे दंड बघत होते. माझ्यापासून दोन पायऱ्या खाली काळं जॅकेट घातलेला एक माणूस बसला होता, मांडीवर छोटी वही. कुठल्यातरी कॉलेजचा कोच असावा. तो मात्र पोराच्या पायांकडं बघत होता. पोरगा पटात घुसताना आधी कंबर खाली सोडायचा, मग पाऊल टाकायचा, आणि धक्का बसला तरी टाच उचलली जायची नाही. जिंकला की हरला, मला आठवत नाही. वहीवाल्यानंही निकालाकडं बघितलं नाही, कुस्ती अर्ध्यात असतानाच त्यानं दोन ओळी लिहिल्या आणि वही मिटली. आमच्या तालमीत वस्ताद नव्या पोराला आठ दिवस दुसरं काही शिकवायचे नाहीत. "कंबर खाली." बस. लाइनमनचं सगळं काम तेवढंच आहे, समोरच्यापेक्षा एक वीत खाली राहणं. अशी पोरं आयोवाच्या खेड्यांतून दरवर्षी निघतात आणि टेक्सस-फ्लोरिडाच्या कोचांना ती दिसत नाहीत, कारण जानेवारीत इथं यायची त्यांची हिंमत नसते.

पण मास्तरांचा हिशेब जुन्या काळातला. त्यांच्या काळी पोरगं एकदा आलं की पाच वर्षं घरचं. आता तसं नाही. २०२१ पासून पोरांना स्वतःच्या नावावर पैसे घेता येतात आणि एका वर्षात टीम बदलून लगेच खेळताही येतं. जून २०२५ मध्ये कोर्टानं खेळाडूंच्या दाव्यात तडजोड मंजूर केली तेव्हापासून तर विद्यापीठच थेट पैसे वाटतं, पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा, आणि त्यातच बास्केटबॉल, कुस्ती, सगळ्यांचा वाटा. बास्केटबॉल स्टार केटलिन क्लार्कच्या राज्यात बास्केटबॉलच्या बायकांना कमी देऊन बघा, घरोघरी चूल बंद होईल. शिवाय टीममध्ये आता १०५ जणच. पूर्वी स्कॉलरशिपशिवाय येणारी पोरं कितीही असायची, डॅलस क्लार्क तसाच आला होता, बचावातला लाइनबॅकर म्हणून, आणि टाइट एंड होऊन ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेला. असा दुसरा डॅलस आज आला तर त्याला जागा असेलच असं नाही.

आणि घरचा पोरगाही घरचा राहत नाही. केडिन प्रॉक्टर, डे मॉइनजवळच्या शाळेचा, डोंगराएवढा टॅकल, म्हणजे लाइनच्या टोकाचा गडी. आयोवाला शब्द दिला, डिसेंबर २०२२ मध्ये ऐन सहीच्या वेळी अलाबामाला गेला. जानेवारी २०२४ मध्ये तिकडचे कोच निक सेबन निवृत्त झाले, तसा हा आयोवाला परत आला. गावानं पेढे वाटायचे बाकी होते. मार्चमध्ये पुन्हा अलाबामा. साखरपुडा दोनदा झाला, लग्न तिसरीकडंच. मास्तर अजून त्याचं नाव घेत नाहीत, "तो पोरगा" म्हणतात.

मुलाकडं मात्र एक हुकमी पान होतं आणि ते त्यानं बरोबर वेळी टाकलं. इंडियाना. कालपरवापर्यंत ज्यांना फुटबॉलमध्ये कुणी विचारत नव्हतं, ते २०२५ च्या मोसमात देशाचे चॅम्पियन झाले. क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा कॅलिफोर्नियाहून पोर्टलमधून, म्हणजे टीम बदलायच्या बाजारातून आला आणि हाइझमन, वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, घेऊन गेला. सप्टेंबरमध्ये किनिकमध्ये आमच्याशी बरोबरी चालू होती, दीड मिनिट राहिलेलं, मेंडोझानं चेंडू टाकला एलायजा सॅरटकडं, ४९ यार्ड, संपलं. २०-१५. "बाबा, बघा," मुलगा म्हणाला, "एक क्वार्टरबॅक, एक रिसीव्हर. तुमची लाइन काय करत होती?"

मी थोडा वेळ चिवडा खाल्ला.

मग म्हटलं, सॅरट आला कुठून ते सांग. त्यांचे कोच कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठाहून इंडियानाला आले तेव्हा आपली जुनी पोरं बरोबर घेऊन आले, त्यातला हा. म्हणजे त्यांनी बाजारात जाऊन सगळ्यात चकचकीत माल उचलला नाही, आपल्या हाताखाली घडलेली माणसं आणली आणि मग त्यात मेंडोझा बसवला. पंगत बसली होती, वाढपी आला. उलटं केलं असतं तर?

आयोवानं उलटं करून बघितलंय. क्वार्टरबॅक केड मॅकनमारा, मिशिगनला बिग टेन जिंकून दिलेला, २०२३ साठी आणला. पाचव्या मॅचला गुडघा गेला आणि मागं दुसरा कुणी तयारच नव्हता. म्हणून २०२५ मध्ये जे केलं ते मला पटलं: मार्क ग्रोनोव्स्की. हो, तोच, २०२२ च्या त्या ७-३ मॅचमध्ये समोरच्या बाजूला क्वार्टरबॅक होता आणि ज्याला आमच्या बचावानं दिवसभर रडवलं. पुढं साउथ डकोटा स्टेटला त्यानं दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली होती. खालच्या गटातला म्हणून मोठ्यांनी नाक मुरडलं असतं, पण पोरगा शेकड्यानं डाव खेळलेला, हाणामारीला न घाबरणारा, गरज पडली की स्वतः पळणारा. हात काही मेंडोझाचा नव्हता. पण त्याच्यासह आम्ही ओरेगनला १८-१६ पर्यंत झुंजवलं. दोन गुण हो.

तर माझा हिशेब. पस्तीस लाइनला, आणि त्यातले तीस तरी याच राज्यातल्या, शक्यतो कुस्ती खेळलेल्या पोरांवर. तीस क्वार्टरबॅकला, पण हायस्कूलच्या पाच स्टारवाल्याला, म्हणजे सगळ्यात वरचं मानांकन मिळालेल्याला नाही. दुसरीकडं दोन वर्षं मार खाल्लेला, जिंकलेला, एक-दोन वर्षं शिल्लक असलेला, आणि त्याच्या मागं शिकाऊ एक. बारा टाइट एंडना. किटल, हॉकन्सन, फँट, लापोर्टा ज्या घरातून गेले तिथं हे दुकान बंद करायचं नाही. आठ पळणाऱ्याला. लाइन चांगली असली की हा सापडतो, केलेब जॉन्सननं २०२४ मध्ये १,५३७ यार्ड काढले ते काही एकट्याच्या पायांवर नाही. रिसीव्हरना तेरा. कमी आहेत, मान्य. पण पहिल्या वर्षीच. टिम लेस्टर, सध्याचे आक्रमणाचे कोच, चेंडू थोडा जास्त हवेत टाकू लागले आणि एखादा रिसीव्हर साठ-सत्तर झेल घेताना दिसला, की पुढच्या वर्षी हेच तेरा पंचविसाचं काम करतील.

कर्क फेरेन्ट्झना शिव्या घालणाऱ्यांना एवढंच, की सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी ओहायो स्टेटचे जुने कोच वूडी हेज यांचा बिग टेनमधला २०५ विजयांचा विक्रम मोडला. १९९९ पासून एकाच खुर्चीत. या माणसाला लाइन बांधायला शिकवायची गरज नाही. चेंडू फेकायला कुणीतरी जबरदस्तीनं लावायला हवं, ते वेगळं.

बेरीज करून बघा, अठ्ठ्याण्णव होतात. मुलानं लगेच पकडलं. म्हणाला, "बाबा, दोन रुपये कुठं गेले?"

पंटरला. टोरी टेलरसारखा ऑस्ट्रेलियातून आणायचा झाला तर विमानाचं तिकीट लागेल. मुलगा म्हणतो पंटर आक्रमणात मोडत नाही. मास्तर पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलले, म्हणाले, "आयोवात मोडतो."

तुमचे शंभर कसे वाटाल, खाली लिहा. ज्यांना खेळ कळत नाही त्यांनीही लिहा, आमच्याकडं कळणाऱ्यांनी काय दिवे लावलेत.