व्हिक्टोरियाच्या हातात कला नसती तर?

व्हेनेसा डिफेनबाघ यांची ‘द लँग्वेज ऑफ फ्लॉवर्स’ ही 2011 सालची कादंबरी नुकतीच वाचून संपवली. नायिका व्हिक्टोरिया जोन्स अशी डोक्यात जाते की पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं. आणि तरी या कादंबरीत सगळ्यात अस्सल काही असेल तर तो तिचा हाच आडमुठा स्वभाव. (पुढे कथानक बरंच उघड होणार आहे. ज्यांना वाचायचीय त्यांनी इथेच थांबा.)

व्हिक्टोरिया कॅलिफोर्नियात फॉस्टर केअरमध्ये वाढलेली. म्हणजे कागदोपत्री पालक सरकार, आणि राहायचं आज या कुटुंबात, उद्या त्या, शेवटी ग्रुप होममध्ये. अठरावं वर्ष पूर्ण झालं की सोशल वर्कर तिला सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका घरात सोडते. काही महिने बिनभाड्याचे, तेवढ्यात नोकरी शोधायची. ही पोरगी नोकरी शोधतच नाही, खोलीत रोपं वाढवत बसते. मुदत संपते आणि ती पोट्रेरो हिलवरच्या बागेत झुडपांआड झोपायला लागते. लोकांनी टेबलावर टाकलेलं उष्टं खाऊन दिवस काढते.

वाचताना आपला जीव तीळतीळ तुटतो, अगं, एवढा वेळ होता ना हातात! पण आजवर प्रत्येक घर जिच्या हातून सुटलंय, तिने पुढच्या महिन्याचा विचार करायचा तो कशाच्या जोरावर? लेखिका हे समजावून सांगत बसत नाही. ती फक्त व्हिक्टोरियाला वागू देते. पुढे कमाई सुरू झाल्यावरही ही बाई काय भाड्याने घेते, तर कपाटाएवढी निळी खोली. हक्काचं दार आतून लावता आलं की तिला बास.

माझं भांडण आहे ते फुलांशी. लहानपणी एलिझाबेथ या फॉस्टर आईने शिकवलेली फुलांची भाषा, म्हणजे कोणत्या फुलाचा काय अर्थ, व्हिक्टोरियाला तोंडपाठ असते. रेनाटा नावाची फुलवाली तिची कला हेरते, कामावर ठेवते, आणि बघता बघता लग्नाची फुलं हिच्याकडूनच हवीत म्हणून लोक येऊ लागतात. वाचायला झकास. पण मग जिच्या हातात असली काहीच कला नाही, तिचं काय? अनाथ नायिकेला लेखक हटकून एखादी देणगी देतात आणि त्या देणगीच्या बदल्यात तिला छप्पर मिळतं. अठराव्या वर्षी कुणी असामान्य असायलाच हवं का? घरात वाढलेल्या साध्यासुध्या मुलांना हा निकष कोण लावतं?

त्या काळात अमेरिकेत दरवर्षी 20 हजारांहून जास्त मुलं वय झालं म्हणून व्यवस्थेतून बाहेर पडत होती. त्यांना रेनाटा भेटणार कुठून? 21 व्या वर्षापर्यंत आधार द्यायला राज्यांना केंद्राचा पैसा मिळेल, अशी सोय 2008 च्या कायद्याने केली. कॅलिफोर्नियात ती 2012 च्या जानेवारीपासून लागू झाली, म्हणजे कादंबरी आल्यानंतर. इलिनॉयमध्ये मुलांना 21 पर्यंत राहता यायचं, शेजारच्या आयोवा-विस्कॉन्सिनमध्ये बहुतेकांना 18 च्या आसपास बाहेर पडावं लागायचं. या तीन राज्यांतल्या मुलांचा वर्षानुवर्षं माग काढणारा एक अभ्यास झाला, त्यात कॉलेजची पायरी चढणारे इलिनॉयमध्ये जास्त निघाले. कला वगैरे काही नाही, नुसती तीन वर्षं जास्तीची!

लेखिकेला हे ठाऊक नसेल असं मुळीच नाही. त्या स्वतः फॉस्टर आई आहेत, आणि व्यवस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी त्यांनी कॅमेलिया नेटवर्क नावाची संस्थाही काढली. पुस्तकाबाहेर त्यांनी केलं ते हे असं, बिनचमत्काराचं काम. पुस्तकात मात्र फुलंच.

बाळंतपणानंतरची पानं मात्र कुणी चुकवू नयेत. एकटी व्हिक्टोरिया, सारखं अंगावर पिणारं बाळ, झोप नाही, मदतीला हक्काने हाक मारावी असं कुणी नाही, म्हणजे तिने कुणी ठेवलेलंच नाही. ती बाळाला त्याच्या बापाकडे सोडून येते तेव्हा तिचा राग करायला आपण तयार असतो, पण करता येत नाही. शेवटही बरा साधलाय. माणसं परत भेटतात, पण लगेच सगळे एका घरात गोडीगुलाबीने नांदायला लागत नाहीत.

आता मला फॉस्टर केअरमधून बाहेर पडलेल्या अशा एखाद्या मुलीची गोष्ट वाचायचीय, जिला काहीच धड येत नाही, जी दुकानात काउंटरवर उभी राहते, कामाला उशिरा येते, आणि तरी जिच्या डोक्यावर छप्पर टिकतं. अशी कादंबरी कुणी वाचली असेल तर नाव सुचवा.