जरा ऐकून सांगा

मेटलचे, म्हणजे ज्यात गायक गुरगुरतो त्या जातीच्या रॉकचे, गाणे घरच्या घरी रेकॉर्ड करणे आता अवघड राहिलेले नाही. गिटार थेट संगणकाला जोडावी, अ‍ॅम्प्लिफायरचे काम सॉफ्टवेअरवर सोपवावे, ड्रमचा एकेक ठोका माउसने भरावा आणि गुरगुरायचे तेवढे कपाटाचे दार उघडून, टांगलेल्या कपड्यांत तोंड खुपसून गुरगुरावे, म्हणजे पुण्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही काम भागते. अवघड आहे ते त्यानंतरचे, म्हणजे झालेले मिक्स, अर्थात सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवून तयार केलेले गाणे, लोकांना ऐकवून त्यांचे मत मागणे.

मत देणाऱ्यांचा एक मोठा वर्ग मुळात मत देतच नाही. ‘कडक’, ‘भावा, जाळ’ असे उत्तर गाणे पाठवल्यावर अर्ध्या मिनिटात येते आणि गाण्याची नुसती प्रस्तावनाच त्याहून मोठी असते. तरीही मी या वर्गाचा ऋणी आहे, कारण वादकांची मते ऐकून झाल्यावर माणसाला याच वर्गाची आठवण येते.

गिटारवादक मित्राने सांगितले, की गिटार जरा मागे पडली आहे. वास्तविक मी एकच ओळ दोनदा स्वतंत्र वाजवून एक डाव्या टोकाला आणि एक उजव्या टोकाला ठेवली होती, आणि गिटारच्या या दोन भिंतींमध्ये आपण चिणले गेलो आहोत अशी गायकाची तक्रार आधीच नोंदवली गेली होती. ड्रमर मित्राने ठोक्यांच्या पातळीबद्दल अवाक्षर काढले नाही. एका जागी हाय-हॅट, स्नेअर, क्रॅश आणि टॉम हे ड्रमसेटचे चार भाग एकदम वाजतात, तेव्हा या ड्रमरला हात किती आहेत, एवढेच त्याने अत्यंत नम्रपणे विचारले. बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवणाऱ्या मित्राचा प्रश्न तर ऐकण्यापूर्वीच तयार होता: ‘बास कुठे आहे?’ तो गाणे मोबाईलच्या स्पीकरवर ऐकत होता. बासच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो, आणि तो त्या नखाएवढ्या स्पीकरातून काढून दाखवणे मला काय, कोणालाच शक्य नाही. शिवाय मेटालिका या गाजलेल्या मेटल बँडच्या १९८८ सालच्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये बास जवळजवळ ऐकूच येत नाही आणि तरीही तो अल्बम प्रचंड खपला, हा दाखला मी दिला. त्यावर, ‘तू मेटालिका आहेस का?’ हे उत्तर मला अपेक्षित होते आणि ते आलेही.

घरच्यांची मते मी मागितलेली नव्हती. आत्याला शब्द कळेनात, म्हणून मी ते तिला कागदावर लिहून दिले. तिने चष्मा लावून दोन कडवी वाचली आणि ‘न कळलेलंच बरं होतं रे,’ असा निर्वाळा दिला. वडिलांची सारी नोकरी सरकारी कचेरीत टंकलेखन करण्यात गेली. ते दारात उभे राहून बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, ‘हे मागे टायपिंग कोण करतंय?’

हा अभिप्राय मात्र तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होता. गिटारच्या भिंतीतून किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, बाहेर यावा म्हणून त्याची ४ किलोहर्ट्झच्या आसपासची ‘टक्’ वाढवावी लागते आणि ती जास्त वाढली की ड्रमचे टंकलेखन यंत्र होते. मिनिटाला २०० ठोक्यांच्या लयीत दोन्ही पायांनी सोळांश मात्रा वाजवल्या, तर मिनिटाला ८०० आघात होतात. पाच आघातांचा एक शब्द धरला, तर हा वेग १६० शब्दांचा झाला. वडिलांनी ‘इंग्रजी चाळीस’ला घाम गाळलेला असल्याने त्यांना हे पटणे शक्य नव्हते. मी ती टक् तीन डेसिबलने उतरवली, तर ड्रमर मित्राचा ताबडतोब फोन आला, की किक गायब झाली आहे.

कंटाळून मी एकदा मिक्समध्ये काहीही न बदलता तेच गाणे फक्त एक डेसिबल मोठे करून सर्वांना पुन्हा पाठवले. सगळ्यांनी एकमुखाने कळवले, की आता खरी सुधारणा झाली. मोठा आवाज कानाला अधिक भरीव वाटतो, कारण हळू आवाजात खालचे सूर कानाला कमी जाणवतात. अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले आहे, पण माझ्या मित्रांनी ते इतक्या मनापासून सिद्ध करायला नको होते.

खरी अडचण माझ्या खोलीची होती. ४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरांहून जास्त भरते आणि माझी खोली जेमतेम साडेतीन मीटरांची आहे, त्यामुळे खुर्चीत बसल्यावर जो बास बेपत्ता होतो तो पलंगाच्या कोपऱ्यात अंगावर येतो. खरा बास किती आहे हे मला कळण्याचा मार्गच नव्हता. भिंती आणि स्लॅब वरचे सूर अडवतात, खालचे मात्र बरेचसे जाऊ देतात. म्हणजे गिटार, झांजा आणि माझे गुरगुरणे गाळून निव्वळ किक आणि बास ऐकणारा श्रोता इमारतीत एकच होता: खालच्या मजल्यावरचे काका. ते लिफ्टमध्ये भेटले आणि म्हणाले, ‘परवा धबधब फार होती, काल बरीच कमी झाली.’ आदल्याच दिवशी मी ६० हर्ट्झच्या आसपास थोडी काटछाट केली होती आणि माझ्या एकाही वादक मित्राला त्याचा पत्ता लागलेला नव्हता.

तेव्हापासून मी मिक्स आधी काकांच्या डोक्यावर वाजवतो आणि मगच मित्रांना पाठवतो. सुरुवातीला ते कमिटीकडे जाण्याविषयी बोलत असत. परवा जिन्यात थांबवून त्यांनी आवाज खाली आणत विचारले, ‘ते मध्येच सगळं एकदम सावकाश होतं ना, तिथे तू परवापासून काहीतरी कमी केलंयस. का?’